मेक्सिकोतले विणकरांचे गाव: तेओतित्लान देल व्हायेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिको म्हटले की कॅनकूनचे समुद्रकिनारे किंवा ड्रग्जच्या टोळ्या, या दोन टोकांच्या मध्ये आपल्याकडे फारसे काही पोहोचत नाही. तिथल्या एखाद्या लहान गावात माणसे सकाळी उठून काय करतात, पैसा कुठून येतो, कुठे जातो, हे सांगायला लागले की प्रश्न मात्र तेच तेच येतात. म्हणून एकच गाव धरून उत्तरे एका ठिकाणी लिहिली आहेत.

हे गाव कुठे आहे? आणि हेच का?

दक्षिण मेक्सिकोत ओआहाका नावाचे राज्य आहे. त्याच नावाच्या राजधानीपासून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर, सिएर्रा हुआरेस डोंगरांच्या पायथ्याशी हे गाव वसले आहे. वस्ती सहा हजारांच्या आतबाहेर. लोक झापोतेक आदिवासी, घरात बोली झापोतेक, शाळेत आणि बाजारात स्पॅनिश. मेक्सिकोचा एकोणिसाव्या शतकातला राष्ट्राध्यक्ष बेनितो हुआरेस याच राज्यातला, याच समाजातला.

हेच गाव घेण्याचे कारण असे की मेक्सिकोच्या खेड्यांत चालणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी इथे एकत्र दिसतात: हातमाग, मक्याचे शेत, अमेरिकेतून येणारे डॉलर, सरकारी पेन्शन, पर्यटक, आणि यांच्याखाली पैशाविना चालणारा एक मोठा व्यवहार. हा शेवटचा व्यवहार पाहुण्याच्या नजरेला पडत नाही. माझ्या मते गाव उभे आहे ते मात्र त्याच्यावर.

गावाचे पोट नेमके कशावर चालते?

कुठल्याही एका गोष्टीवर नाही. फलकावर ‘विणकरांचे गाव’ असे लिहिलेले असते आणि बहुतेक घरांत माग असतोही. पण फक्त विणून भागते अशी घरे थोडी. साधारण कुटुंबात एक-दोन जण मागावर, थोडी शेती, एखादा मुलगा किंवा भाऊ कॅलिफोर्नियात, आजी-आजोबांना सरकारी पेन्शन, आणि घरातली बाई सकाळी बाजारात काहीतरी विकायला बसलेली, असा जोडकारभार असतो. गालिचे खपेनासे झाले की शेत आणि डॉलर सांभाळतात. पाऊस दगा देतो तेव्हा माग सांभाळतो.

२००६ साली ओआहाका शहरात शिक्षकांच्या संपातून मोठे आंदोलन पेटले आणि पर्यटक महिनोन्‌महिने फिरकले नाहीत. २०२० मध्ये कोविडने तेच केले. दोन्ही वेळा फक्त दुकानदारीवर विसंबलेल्यांचे हाल जास्त झाले.

विणकाम घरात कसे चालते?

स्पॅनिश लोक यायच्या आधी इथे कमरेला बांधायच्या मागावर सुती कापड विणले जाई. मेंढ्या आणि पायाने चालवायचा माग सोळाव्या शतकात स्पॅनिशांबरोबर आला, आणि लोकरीची कांबळी-घोंगड्या सुरू झाल्या. अंगावर घ्यायच्या घोंगडीचा जमिनीवर अंथरायचा किंवा भिंतीवर टांगायचा गालिचा झाला तो विसाव्या शतकात, पर्यटकांमुळे. त्याला इथे ‘तापेते’ म्हणतात.

माग लाकडी, रुंद, दोन पायट्यांचा, आणि विणकर उभ्याने विणतो. दिवसभर उभे राहण्याचे काम आहे. लोकर काही जण ओआहाकाच्याच डोंगरी गावांतून हाताने कातलेली आणतात, बरेचसे गिरणीचे सूत घेतात. पिंजणे, कातणे, धुणे, रंगवणे, सूत गुंडाळणे ही कामे घरातल्या सगळ्यांत वाटलेली असतात. पोरे शाळेतून आली की बॉबिनी भरतात.

नक्ष्या बघायच्या तर जवळच्या मित्ला गावातल्या प्राचीन दगडी इमारतींवरची पायऱ्या-पायऱ्यांची नागमोड सर्वांत जुनी आणि सर्वांत लाडकी. पण भिंतीवर डच चित्रकार एशरचे मासे, पिकासोची आणि मिरोची चित्रेही विणलेली दिसतात. ओआहाकाचे मोठे चित्रकार फ्रान्सिस्को तोलेदो यांनीही इथल्या विणकरांबरोबर काम केले. ‘अस्सल पारंपरिक’ शोधत आलेला पाहुणा पिकासो बघून नाक मुरडतो, हे मला नेहमीच गमतीचे वाटते. विणकराने काय विणावे हे ठरवणारे आपण कोण? त्याला जे जमते आणि जे खपते ते तो विणतो, आणि गिऱ्हाइकाची नजर ओळखणे हीसुद्धा इथली जुनीच परंपरा.

एका गालिच्यामागे विणकराच्या हाती किती उरते?

सरळ आकडा देता येत नाही, कारण ‘विणकर’ या एका शब्दाखाली दोन-तीन वेगळे वर्ग आहेत. काही घराण्यांची मोठी दुकाने आहेत, त्यांचे अमेरिकेत व्यापारी ओळखीचे आहेत, पोरे इंग्रजी बोलतात. दुसरे स्वतःच विणून स्वतःच दारात किंवा बाजारात विकतात. तिसरे नगावर मजुरी घेतात: लोकर आणि नक्षी व्यापाऱ्याची, हात यांचे. शेजारच्या सान्ता आना देल व्हाये गावातही असे नगावर विणणारे होते आणि आहेत. गालिचा तोच, पण पहिल्या घरात त्याचा नफा राहतो आणि तिसऱ्या घरात फक्त मजुरी.

दीड-दोन हात रुंद आणि तीन-साडेतीन हात लांब, बऱ्यापैकी गुंतागुंतीच्या नक्षीचा गालिचा विणायला दोन ते चार आठवडे सहज जातात. त्यात सूत कातण्या-रंगवण्याचे दिवस वेगळे. मेक्सिकोत किमान रोजंदारी २०१८ मध्ये ८८.३६ पेसो होती, ती २०२५ मध्ये २७८.८० पेसोंवर आली. (एक पेसो साधारण साडेचार-पाच रुपये धरा.) ही वाढ मोठी आहे, पण स्वतःच्या घरात विणणाऱ्याला ती कोण देणार? तो तर कोणाचाच नोकर नाही. म्हणून घासाघीस करताना मनात एक हिशेब करा: मागितलेल्या किमतीतून लोकर-रंगाचे पैसे वजा करा आणि उरलेल्याला दिवसांनी भागा. बऱ्याचदा उत्तर किमान रोजंदारीच्या खालीच येते.

आणखी एक गळती आहे, ती पर्यटकाला दिसत नाही. शहरातून गाडीने ‘गावदर्शन’ घडवणारे काही वाटाडे आणि चालक ठरलेल्या दुकानातच गाडी थांबवतात, आणि विक्रीतला चांगला मोठा वाटा घेतात. ज्याच्याकडे गाडी थांबत नाही तो विणकर गल्लीच्या आत बसून वाट बघतो. पायी चार गल्ल्या फिरलात तर त्याची भेट होईल.

नैसर्गिक रंग म्हणतात ते खरेच असतात का?

काहींचे असतात. सगळ्यांचे नसतात.

लाल रंगाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. निवडुंगाच्या पानांवर एक पांढुरका, भुरभुरीत दिसणारा किडा वाढतो, कोचिनिया. त्याची वाळवलेली मादी चुरडली की गडद किरमिजी रंग निघतो. एक किलो रंगासाठी दीड लाखाच्या आसपास किडे लागतात. वसाहतीच्या काळात मेक्सिकोतून युरोपात जाणाऱ्या मालात चांदीच्या खालोखाल मोलाचा माल हाच होता आणि त्याचे आगर ओआहाका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रासायनिक रंग आले आणि हा धंदा बसला. गावातही हे रासायनिक, म्हणजे ‘अनिलीन’, रंग शिरले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही विणकरांनी जुने रंग पुन्हा हाती घेतले.

निळ्यासाठी नीळ, ती ओआहाकाच्याच पूर्वेकडच्या निल्तेपेक भागात होते. पिवळ्यासाठी झेंडूच्या कुळातले ‘पेरिकोन’ नावाचे रानफूल किंवा दगडफूल, तपकिरीसाठी अक्रोडासारख्या पेकानच्या झाडाचा पाला आणि सालपटे, शिवाय डाळिंबाची साल. रंग धरण्यासाठी तुरटी.

आता खबरदारीची गोष्ट. जवळजवळ प्रत्येक दुकानात एक छोटा खेळ करून दाखवतात: तळहातावर किडा चुरडतात, लिंबू पिळले की लाल रंग केशरी होतो, चुना किंवा सोडा टाकला की जांभळा. रसायनशास्त्र खरे आहे, डोळे दिपतातही. पण यावरून भिंतीवरचा गालिचा त्याच रंगाचा आहे हे सिद्ध होत नाही. कोचिनिया महाग आहे, आणि स्वस्त गालिच्यात तो परवडत नाही. थेट विचारा: ‘हा कोणत्या रंगाचा, आणि तो?’ प्रामाणिक विणकर सरळ सांगतो की हा अनिलीनचा, म्हणून इतक्याला. अशा माणसाकडून अनिलीनचा घ्यावा. फसवणाऱ्याकडून ‘नैसर्गिक’ घेण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो फारसा गोड नाही. १९८०च्या दशकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या घरसजावटीची फॅशन आली. नावाहो आदिवासींच्या गालिच्यांना मागणी आली, पण ते फार महाग. व्यापाऱ्यांनी त्याच धाटणीचे गालिचे तेओतित्लानमधून स्वस्तात विणून घेतले आणि गावात पैसा आला, नवी पक्की घरे उठली. पुढे त्याच व्यापारात भारतात विणलेले, त्याहून स्वस्त गालिचे उतरले आणि इथल्या विणकरांचा भाव पडला. म्हणजे एका गरीब विणकराने नावाहोंची नक्कल केली, आणि दुसऱ्या गरीब विणकराने त्याची. मधला व्यापारी दोन्हीकडे तोच. तेओतित्लानच्या एखाद्या म्हाताऱ्याने तुम्ही भारतीय म्हटल्यावर गालिच्यांचा विषय काढला तर चकित होऊ नका.

दुसरा संबंध जरा हसरा. मेक्सिकोच्या खेड्यापाड्यांत ‘मोतोताक्सी’ धावतात, म्हणजे आपली तीनचाकी रिक्षा. त्यांत बजाजच्या भरपूर असतात, आणि बजाजच्या तीनचाकी गाड्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात बनतात.

शेती परवडते का?

विकायला म्हणून नाही, खायला म्हणून हो. इथले शेत म्हणजे ‘मिल्पा’: मका, त्याच्या ताटावर चढणारा घेवडा आणि खाली जमिनीवर पसरणारा भोपळा, तिन्ही एकत्र. बहुतेक जमीन पावसावरची.

१९९४ साली अमेरिका-कॅनडाबरोबरचा मुक्त व्यापार करार लागू झाला आणि अमेरिकी अनुदानित मका आत आला. त्यानंतर लहान शेतकऱ्याला मका विकून काही सुटेनासे झाले. तरी लोक पेरतात. गावचा पांढरा, पिवळा, निळसर मका भाकरीला, म्हणजे तोर्तियाला, चवीचा लागतो, आणि बियाणे घरचेच असते. चुन्याच्या पाण्यात मका शिजवून, रात्रभर ठेवून, पहाटे गिरणीत ओला दळून आणायचा ही बायकांच्या दिवसाची पहिली फेरी. गावातल्या बातम्या आधी गिरणीत फुटतात, मग ध्वनिक्षेपकावर. हो, गावात अजूनही उंच खांबावर कर्णे आहेत. ‘अमक्याच्या घरी डुकराचे ताजे मटण आहे’, ‘पाणी समितीची बैठक संध्याकाळी’, अशा घोषणा झापोतेकमध्ये चालू असतात.

अमेरिकेतून किती पैसा येतो?

गावाचा वेगळा आकडा देत नाही. देशाचा सांगतो: २०२४ मध्ये परदेशातल्या मेक्सिकन लोकांनी घरी सुमारे ६४.७ अब्ज डॉलर पाठवले, जवळजवळ सगळे अमेरिकेतून.

तेओतित्लानची माणसे उत्तरेला जायला लागली ती ‘ब्रासेरो’ करारात. १९४२ ते १९६४ या काळात अमेरिकेने शेतमजूर म्हणून मेक्सिकन पुरुषांना हंगामी कंत्राटावर नेले. नंतर कंत्राट संपले, वाट राहिली. आज कॅलिफोर्नियात ऑक्सनार्ड, मूरपार्क, सान्ता आना या भागांत तेओतित्लानच्या लोकांची वस्ती आहे. कोणी स्ट्रॉबेरीच्या शेतावर, कोणी हॉटेलच्या स्वयंपाकघरात, कोणी बागकामावर.

या पैशातून काय होते, ते गावात चालताना दिसते. मातीच्या विटांच्या घरांशेजारी दुमजली सिमेंटची घरे, वर निघालेल्या लोखंडी सळया, पुढच्या मजल्यासाठी थांबलेल्या. पुष्कळ घरे बंद. मालक उत्तरेला, चावी म्हाताऱ्या आईकडे. मोठे माग, सुताचा साठा, दुकानाचे भांडवल यांतही डॉलर गेले आहेत. आजची व्यापारी घराणी कशी उभी राहिली याच्या मुळाशी काही ठिकाणी ब्रासेरोची कमाई सापडते. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेने रोखीने पाठवलेल्या पैशावर १ टक्का कर लावला आहे. त्याहून मोठी धास्ती धरपकडीची आहे: कागदपत्रे नसलेला मुलगा एकदा गावी आला तर परत जाऊ शकेल का, या भीतीने कित्येक जण आईबापाच्या मर्तिकालाही येत नाहीत.

सरपंचाला पगार नाही, हे खरे?

ओआहाकात ५७० नगरपालिका आहेत. त्यांतल्या चारशेहून अधिक ठिकाणी गावचा कारभार पक्षांच्या निवडणुकीने न होता रूढीप्रमाणे, ग्रामसभेत माणसे निवडून चालतो. १९९५ पासून राज्याच्या कायद्यात याला मान्यता आहे. तेओतित्लान त्यांतलेच.

इथे पदाला ‘कार्गो’ म्हणतात, म्हणजे ओझे, आणि ते नाव शोभतेही. तरुणाने आधी ‘तोपिल’ व्हायचे: रात्रीची गस्त, निरोप पोचवणे, भांडणे सोडवायला जाणे. मग हळूहळू वरची पदे. याखेरीज पाणी, शाळा, चर्च, संग्रहालय, जंगल अशा कामांच्या समित्या. एकदा सभेने नाव घेतले की नाही म्हणणे जवळजवळ अशक्य. काम परंपरेने बिनपगारी, आणि वर्ष-दोन वर्षे किंवा त्याहून जास्त तुमचा धंदा अर्धा बंद. सोबत ‘तेकियो’: रस्ता दुरुस्ती, कालवा साफ करणे, वणवा विझवणे यासाठी घरटी एक माणूस, फुकट.

याचे कौतुक करणारे खूप भेटतात. मीही करतो, पण हातचे राखून. लोकांनी स्वतः चालवलेले गाव स्वच्छ आणि शांत असते यात शंका नाही. पण ज्याच्याकडे दुकान आणि कामाला माणसे आहेत त्याला दोन वर्षे समितीत घालवणे जमते. नगावर विणणाऱ्याला त्यासाठी कर्ज काढावे लागते. कॅलिफोर्नियातल्या माणसाचेही नाव निघते. मग त्याने नोकरी सोडून यायचे किंवा बदली माणसाला पैसे द्यायचे. न पाळल्यास गावातला हक्क, अगदी गावच्या दफनभूमीतली जागासुद्धा, वादात येऊ शकते.

लग्नात शंभर टर्की पक्षी कुठून येतात?

उधारीवर! पण बँकेच्या नव्हे.

या प्रथेचे नाव ‘ग्वेलागेत्सा’. (जुलैमध्ये ओआहाका शहरात याच नावाचा नाचगाण्यांचा सोहळा होतो, पर्यटक तोच ओळखतात.) समजा, तुमच्याकडे पाच वर्षांनी मुलीचे लग्न आहे. आजपासून तुम्ही शेजाऱ्यांच्या, सोयऱ्यांच्या कार्याला टर्की, मका, कोको, साखर, मेझकाल नावाच्या दारूचे कॅन, तोर्तियांच्या टोपल्या पोचवत राहता. प्रत्येक वस्तू वजनानिशी वहीत लिहिली जाते. तुमच्याकडे कार्य निघाले की ती वही उघडायची आणि निरोप धाडायचे. मग तेवढ्याच वजनाची टर्की परत येते. आपल्याकडच्या आहेराच्या वहीसारखेच, फक्त इथे ‘जमेल तसे’ चालत नाही. आठ किलोची दिली असेल तर आठ किलोचीच परत. वह्या बापाकडून मुलाकडे येतात, आणि येणे-देणेही वारशाने येते.

बाहेरचे अर्थतज्ज्ञ याला उधळपट्टी म्हणत आले. मला हे मान्य नाही. जिथे बँक कर्ज देत नव्हती, विमा नव्हता, तिथे चार दिवसांच्या पंगतीचा खर्च वीस वर्षांत आणि शंभर घरांत वाटून घेण्याची ही पद्धत आहे. टर्की महागली तरी कर्ज टर्कीतच फिटते, म्हणजे महागाईचाही बंदोबस्त झाला. १९९४च्या डिसेंबरमध्ये पेसो कोसळला, तेव्हा पेसोत साठवलेल्यांचे नुकसान झाले; वहीतल्या टर्कीचे वजन कमी झाले नाही. जाच मात्र आहे. मोठ्या देवकार्याचे यजमानपद घेतलेली घरे वर्षानुवर्षे फेडत बसतात, आणि प्रोटेस्टंट झालेले काही जण या चक्रातून सुटण्यासाठीही झाले असे बोलले जाते.

बायकांचे काय?

जुनी वाटणी अशी: माग पुरुषाचा, पिंजणे-कातणे बाईचे. पुरुष उत्तरेला गेले आणि १९७०-८०च्या सुमारास बायका मागावर उभ्या राहिल्या. पण विक्री, पैसा आणि व्यापाऱ्याशी बोलणी पुरुषांकडेच. पुढे बायकांनी स्वतःच्या सहकारी संस्था काढल्या. ‘व्हिदा नुएव्हा’ हे त्यातले ठाऊक नाव. विधवा, एकट्या, नवरा परदेशी असलेल्या बायकांनी एकत्र येऊन स्वतः विकायला सुरुवात केली. आरंभी गावात कुजबुज झालीच. ग्रामसभेतही बायकांचा आवाज उशिरा आला. पण एखाद्या घराकडे कार्गो आला की आठवडाभर पंगतीला लागणाऱ्या तोर्तिया कोण थापणार, हे मात्र कधी सभेत ठरवावे लागले नाही.

रोजचा बाजार कसा असतो?

गावात सकाळी चर्चजवळ छोटी मंडई भरते. डोक्याला रेबोसो, म्हणजे लांब शाल, गुंडाळलेल्या बायका टोपली घेऊन येतात, दहाच्या सुमारास पांगायला लागतात. चर्चच्या भिंतीकडे नजर टाका: जुन्या झापोतेक मंदिराचे कोरीव दगड त्यात बसवलेले आहेत.

मोठी खरेदी रविवारी, जवळच्या त्लाकोलुला गावात. खोऱ्यात प्रत्येक वाराचा बाजार वाटलेला आहे: बुधवारी एत्ला, गुरुवारी साआचिला, शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला. मिरच्यांचे ढीग, कोंबड्या, प्लॅस्टिकच्या बादल्या, मेझकाल, नांगराचे फाळ, चिनी खेळणी, सगळे एका रस्त्यावर. तिथे मटण विकत घ्यायचे, बाजूच्या शेगडीवर स्वतः भाजायचे आणि धुरात डोळे चोळत खायचे. बाजार पाहायचा असेल तर गालिच्याच्या गावापेक्षाही हा चुकवू नका.

पैसे ठेवतात कुठे?

रोख, घरात. बँकेचे काम निघाले तर त्लाकोलुला किंवा शहर. डॉलर उचलायला पैसे पाठवणाऱ्या कंपन्यांच्या खिडक्या दुकानांतच असतात. पासष्टीनंतर सगळ्यांना सरकारी पेन्शन मिळते, २०२५ मध्ये दर दोन महिन्यांना ६,२०० पेसो. ती कार्डावर जमा होते. बायकांची ‘तांदा’ चालते, म्हणजे भिशीच. आणि ज्याला खरी बचत म्हणावी ती परसात फिरते: डुक्कर, टर्की, एखादा बैल. आजारपण आले की डुक्कर जाते.

दवाखाना?

गावात सरकारी प्राथमिक केंद्र, मोठ्या आजाराला शहर. गेल्या वीस वर्षांत सरकारने गरिबांच्या आरोग्य योजनेचे नाव दोनदा बदलले: आधी सेगुरो पोपुलार, मग इन्साबी, आता इम्स-बिएनेस्तार. औषध नाही ही तक्रार तिन्ही नावांखाली ऐकू येते. म्हणून औषधाच्या दुकानाला जोडलेला स्वस्त डॉक्टर, आणि त्याआधी घरचा काढा किंवा बाळंतिणीला तेमास्काल, म्हणजे दगड तापवून घेतलेले वाफेचे स्नान.

शाकाहारी माणसाचे जमेल?

जमेल, पण विचारत राहावे लागेल. घेवड्यात आणि तव्यावरच्या मेमेलात, म्हणजे मक्याच्या जाड भाकरीत, डुकराची चरबी सहज असते. ‘सिन मान्तेका’ (चरबीविना), ‘सिन आसिएन्तो’ (चरबीच्या गाळाविना) हे दोन शब्दप्रयोग पाठ करा. निवडुंगाची भाजी, भोपळ्याच्या फुलांची केसादिया, केसियो नावाचे तारेचे चीज, मका-कोकोचे गार तेहाते, हे निर्धास्त घ्या. गावचे खास पेय चॉकलेट-आतोले: मक्याची गरम पेज आणि वर महिनोन्‌महिने जमिनीत पुरून पांढऱ्या केलेल्या कोकोचा घट्ट फेस. पाहुण्यापुढे तो आला की मान दिला असे समजावे, आणि फेस टाकू नये. मोले, म्हणजे मिरच्या-मसाल्यांचे दाट कालवण, मात्र सहसा कोंबडीच्या किंवा टर्कीच्या रश्श्यात असते.

सण कोणते बघावेत?

जुलैमधला ग्रामदेवाचा उत्सव आणि त्यातला ‘पिसांचा नाच’. डोक्यावर भलामोठा गोल पिसांचा मुकुट घालून तरुण अझ्टेक सम्राट मोक्तेसुमा आणि स्पॅनिश आक्रमक कोर्तेस यांची लढाई नाचून दाखवतात. नाचणारा तीन वर्षांचा नवस बोलतो, आणि त्या तीन वर्षांचे कपडे, सराव, पंगती हा त्याच्या घरचाच खर्च.

दुसरा मृतांचा सण. इथे समजूत अशी की पितर १ नोव्हेंबरला दुपारी तीनला घरी येतात आणि २ तारखेला तीनलाच निघतात. त्या वेळात घराघरांत वेदी, झेंडू, मेणबत्त्या, पाव, चॉकलेट आणि तामाले, म्हणजे पानात गुंडाळून वाफवलेले मक्याचे पीठ. आपण दसऱ्याला दाराला लावतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. या दिवसांत घरात बोलावल्याशिवाय शिरू नका आणि दफनभूमीत फोटोसाठी कबरीवर पाय देऊ नका. सांगायची वेळ येते म्हणून सांगतो.

सुरक्षित आहे का?

मेक्सिकोच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्या बहुतेक दुसऱ्या राज्यांतल्या. गावात गस्त गावचीच पोरे घालतात आणि अनोळखी माणूस चटकन नजरेत येतो. दिवसा सरळ फिरा. रात्री राज्यमार्गावर एकट्याने वाहनाची वाट बघत थांबू नका.

तिथे घर किंवा जमीन विकत घेता येईल?

नाही. जमीन सामुदायिक आहे, बाहेरच्याला विकता येत नाही. अमेरिकी निवृत्तांनी विकत घेऊन भाव चढवलेली गावे मेक्सिकोत आहेत. हे गाव त्यातून वाचले ते या नियमामुळे आणि तो राखणाऱ्या सभेमुळे. राहायचे तर घरगुती खोल्या भाड्याने मिळतात.

जायचे कसे, आणि व्हिसा?

ओआहाका शहरातून त्लाकोलुला-मित्लाच्या बसने गावच्या फाट्यावर उतरा. तिथून तीन-चार किलोमीटर, सामायिक टॅक्सी किंवा मोतोताक्सीने. शहरातून थेट सामायिक टॅक्सीही मिळते. गर्दी नको असेल तर मंगळवार-बुधवार गाठा. विणकर मोकळे असतात आणि माग चालू असतो. भारतीय पारपत्रावर मेक्सिकोचा व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा हाती असेल तर पर्यटनासाठी वेगळा काढावा लागत नाही. निघण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्या. पेसो रोख ठेवा. गल्लीच्या आतल्या विणकराकडे कार्डाचे यंत्र असेलच असे नाही, आणि चांगला गालिचा बहुधा तिथेच सापडतो.